नारळ अल्याडचा की पल्याडचा?

"यवतवालं कोण हाय?" असे वाहक दोनदा ओरडला, तेव्हा मी खिडकीशी बसले होते आणि मला यवतलाच उतरायचे होते. माझ्या आणि दाराच्या मध्ये टोमॅटोचे दोन कॅरेट, एक झोपलेले आजोबा आणि "जरा सरकता का" हे तीन शब्द होते. टोमॅटो आणि आजोबा ओलांडता आले असते. शब्द काही तोंडातून निघाले नाहीत. एसटी सुटली. यवत गेले, चौफुला गेला आणि वरवंडला बरेच लोक उतरू लागले तेव्हा मी त्यांच्या मागोमाग उतरले.

वैशाली स्कूटर घेऊन मला न्यायला आली. हसण्यामुळे तिला हँडल धरवत नव्हते.

"तोंड हाय न्हवं तुला?"

वैशाली पुण्यात माझ्या शेजारच्या टेबलावर बसते. कार्यालयात तिचे मराठी माझ्यासारखेच असते. यवत ओलांडले की त्यातल्या 'आहे'चे 'हाय' होते, आवाजही थोडा मोठा होतो. डबा खाताना ती आपल्या चुलत्यांबद्दल, संपतनानांबद्दल आणि त्यांच्या लवंगी नावाच्या घोडीबद्दल इतके सांगत असे की जानेवारीतल्या एका शुक्रवारी मी रजा टाकली. नानांचे घर खुटबाव आणि राहूच्या मधल्या वस्तीवर आहे. वाटेत दोन्हीकडे तुरे आलेला ऊस, मध्येच शेवंतीचा पिवळा तुकडा, आणि गुऱ्हाळांचा गोड धूर. एका गुऱ्हाळावर आम्ही थांबलो. कढईपाशी उभ्या असलेल्या उत्तर प्रदेशातल्या माणसाने लाकडी पट्टीवर गरम गूळ दिला आणि "फूँक के खाना दीदी" म्हणाला. मी न फुंकता खाल्ला. जीभ दोन दिवस सोललेली होती.

नाना म्हणजे अंगावर मांस नावालाही नसलेला पंचेचाळिशीचा माणूस. मी त्यांना "तुम्ही इथले टॉप जॉकी ना?" असे विचारले. ते लाजले. "जॉकी रेसकोर्सवर. आम्ही घोडीवालं."

हा प्रकार पुण्यातल्या वाचकांना सांगायला हवा. इथल्या शर्यतीत गाड्याला चार बैल असतात आणि गाड्यावर कोणीच नसते. बैलांच्या पुढे एक घोडी पळते, घोडीवर स्वार. बैल त्या घोडीचा पाठलाग करत घाट (शर्यतीची चढाची धावपट्टी) चढतात. एका गाड्याची एक धाव म्हणजे एक बारी. सगळा खेळ बारा-पंधरा सेकंदांचा, ज्याला सगळ्यात कमी वेळ लागेल तो पहिला. घोडी फार पुढे गेली तर बैल नाद सोडतात, फार मागे राहिली तर बैल अंगावर येतात. म्हणून चांगला घोडीवाला आपल्यापुढे असावा असे प्रत्येक गाडामालकाला वाटते, आणि हिवाळ्यात यात्रा सुरू झाल्या की कोण कुठल्या घाटात जाणार याची चर्चा पिकांच्या चर्चेपेक्षा मोठी होते.

त्या रविवारी दोन यात्रा एकाच दिवशी आल्या होत्या. एक भीमेच्या पलीकडे, शिरूर तालुक्यातल्या माळावर. दुसरी अलीकडे, दौंड तालुक्यात, नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, माहेरी. तिथे गाडा काकींच्या सख्ख्या भावाचा.

"नाना, तुम्ही कुठे जाणार?" मी विचारले.

"बघू."

काकी चुलीपाशी शेंगोळी (हुलग्याच्या पिठाची, रश्श्यात शिजवलेली वेटोळी) करत होत्या. "बघायचं काय त्यात?" असे त्या शेंगोळ्यांकडे बघून म्हणाल्या.

दुपारी लवंगीला नाल ठोकायला पिकअपमधून न्हावऱ्याला जायचे होते. वैशाली आणि मी बरोबर गेलो. पारगावच्या पुलावर वैशाली म्हणाली, "आता आपण पल्याड आलो." खाली भीमा संथ, काठाला बगळे. पलीकडे उतरताच काळी माती संपून पांढरा मुरूम लागला. न्हावऱ्याच्या चहावाल्याने नानांना पाहताच विचारले, "काय म्हणतंय पल्याड?" मला एकदम गंमत वाटली. इथे आम्हीच पल्याडचे होतो.

चहाच्या बाकावर आणखी चार घोडीवाले होते. त्यातला बापू सगळ्यांत तरुण आणि सगळ्यांत गाजलेला, पायात शुभ्र बूट. कोणीच कोणाला सरळ विचारत नव्हते. एक जण म्हणाला, पल्याडच्या घाटात खडे लई झालेत. दुसरा म्हणाला, अल्याडचा घाट नुसता लोण्यासारखा. नंतर सगळे गप्प. सगळ्यांचे डोळे नानांकडे, कारण नाना जिथे जातील तिथे जायचे नाही असे बाकीच्यांनी मनात ठरवले होते. त्यांच्यासमोर लवंगी असताना पहिला नंबर कोणाला मिळणार? इतकी गप्प माणसे एका बाकावर मी प्रथमच पाहिली. मला अगदी घरी आल्यासारखे वाटले.

शेवटी बापूला राहवले नाही. "नाना, रविवारी कुठं?"

"बघू की."

"बघू म्हंजी?"

"म्हंजी बघू."

परतताना पुलावर नाना आपणहून बोलले. पल्याडच्या त्या खड्यांच्या घाटात ते बारा वर्षे पळत होते आणि, बाकी घाटांत पहिला नंबर नेहमीचा असूनही, तिथे एकदाही पहिले आले नव्हते. गुडघा आता दर थंडीला कुरकुरतो. "यंदा तिथं पळायचंय. पुढल्या हिवाळ्याचं काय सांगावं? पण तुझ्या काकीला म्हणू नको." मी म्हटले, मी कोणालाच काही म्हणत नाही. ते म्हणाले, "ते वरवंडला कळलं."

शनिवारी सकाळी नाना लवंगीला नदीवर घेऊन गेले, काकी आणि वैशाली शेवंती तोडायला. मी एकटी ओट्यावर चपलांच्या शेजारी बसून वही लिहीत होते. एक आजोबा आले. पांढरी टोपी, धोतर, उजव्या कानात सोन्याची बारीक बाळी. नाना कुठे आहेत ते त्यांनी विचारले. मी नदीकडे बोट दाखवले. त्यांनी पाणी मागितले, मी दिले. मग त्यांनी पिशवीतून लाल फडक्यात बांधलेला नारळ काढून माझ्यापुढे धरला. कोणी काही पुढे केले की मी घेते. नको म्हणायला जास्त बोलावे लागते. मी दोन्ही हातांनी नारळ घेतला आणि "थँक यू" म्हणाले. ते खूश झाले, जाताना काहीतरी बोलले आणि मोटरसायकलवर मागे बसून गेले.

काकी परत आल्या, नारळ पाहिला आणि हातातली पाटी तिथेच ठेवली.

"कुणाचा नारळ?"

"एक आजोबा देऊन गेले."

"आन् तू घेतलास?"

तेव्हा मला कळले. नारळ घेतला म्हणजे शब्द दिला. ज्याचा नारळ आधी घरात आला, घोडी त्याची.

"पण मी घरातली नाही," मी म्हणाले.

"काल जेवलीस न्हवं हितं?" नदीवरून आलेले नाना म्हणाले. "मग झालं. कुणाचा हाय त्ये सांग."

"त्यांनी जाताना सांगितलं. पण…"

"पण काय?"

"अल्याडचे पाहुणे आले होते म्हणाले. किंवा पल्याडचे."

माझे पहिलीपासूनचे सगळे इंग्रजी शिक्षण एका अक्षरापाशी येऊन उभे राहिले होते. शाळेत आम्हाला 'नदीच्या या बाजूला' असे शिकवले होते. अल्याड आणि पल्याड मी कालच पहिल्यांदा नीट ऐकले होते आणि माझ्या कानाला दोन्ही जुळ्या बहिणींसारखे वाटत होते.

"म्हणून दाखव," नाना म्हणाले.

मी म्हणून दाखवले.

"हे बघ, अल्याड म्हणली," काकी म्हणाल्या.

"पल्याड! ओठ मिटल्यालं दिसलं मला," नाना म्हणाले.

माझ्याकडून तो शब्द सात वेळा म्हणवून घेतला गेला. शेजारच्या दोन बायकाही ऐकायला आल्या. फोन करून विचारावे, असे मी सुचवले. नानांनी मान हलवली. "आमच्याकडं नारळ आलाय, तुमचा का? असं इचारायचं? दोघं बी व्हय म्हणतील." दुपारपर्यंत 'नानांनी नारळ घेतला' ही बातमी दोन्ही काठांवर पोहोचली, त्यामुळे दुसरा नारळ कोणी आणला नाही. काकींचा भाऊ फोन उचलेना. रुसलाय की बैलांमागे आहे, ते कळेना. बापूने आपल्या स्टेटसला फक्त पांढऱ्या बुटांचा फोटो ठेवला.

तेव्हा मला ओट्याची फरशी दिसली. आजोबा जिथे उभे होते तिथे चपलांचे दोन ठसे होते. पांढरे. ही सगळी वस्ती काळ्या मातीची.

"मुरूम," मी हळूच म्हणाले.

नाना गुडघा विसरून उठले. "पल्याडचाच!"

"राहूच्या रस्त्याचं काम चाललंय. तितं बी मुरूमच टाकलाय," काकी म्हणाल्या आणि शांतपणे झाडू घेऊन ठसे झाडून टाकले.

शेवटी नानांनी निकाल दिला. उद्या पल्याड जायचे. तिथे तो म्हातारा दिसला तरच ते घोडीवर बसणार. नाही दिसला तर दिलेला शब्द अल्याडचा, तसेच माघारी फिरायचे. "गाडामालकाला इचारून उपयोग न्हाई. दारात आल्याली घोडी कोण परत लावंल? म्हातारा पाव्हणीनं वळखायचा."

रविवारी सकाळी पिकअपमध्ये मागे लवंगी, पुढे नाना आणि काकी, मधल्या फटीत वैशाली आणि मी. काकी नवी साडी नेसून आल्या होत्या, "निकाल बघायला."

शिरूरचा तो घाट म्हणजे माळावरची एक लांब, पांढरी, चढती पट्टी. दोन्ही बाजूंनी माणसे. भेळेच्या गाड्या, उसाचा रस, भंडाऱ्याने पिवळे झालेले बैल. आणि टोप्या. मी इतक्या पांढऱ्या टोप्या एका ठिकाणी कधी पाहिल्या नव्हत्या. एरवी मी माणसांच्या चपलांकडे पाहत चालते. त्या दिवशी मी शेकडो म्हाताऱ्यांच्या उजव्या कानाकडे पाहत चालले होते. एकाने विचारले, "काय हरवलं का बाई?" एकाने तर टोपी काढून दोन्ही कान दाखवले. ध्वनिक्षेपकावर निवेदक ओरडत होता, "झाली… झाली… झाली… भिर्रर्रर्र!" आणि एकेक बारी धुरळ्यात वर जात होती. एका घोडीपुढून तर मला लोकांनी दंडाला धरून मागे ओढले.

तीन गाडे उरले, मग एक, मग आमची बारी आली. म्हातारा नव्हता. नाना लगाम हातात धरून उभे, रिकिबीत पाय नाही. लवंगी खुरांनी जमीन उकरत होती. गाडामालक हात जोडत होता, "नाना, बसा की! नारळ आमचाच हाय!"

"पाव्हणी सांगंल तवा."

मी वैशालीकडे पाहिले. तिने निवेदकाच्या मंचाकडे पाहिले. मी मान जोरजोरात हलवून नाही म्हटले. मग कसे ते मला अजून कळलेले नाही, पण मी लाकडी जिना चढले आणि निवेदकाला म्हणाले, "जरा सरकता का?"

"बोला ताई," त्याने माइक दिला.

माझा श्वास सगळ्या माळावर ऐकू गेला. "काल… राहूजवळच्या वस्तीवर… मला नारळ दिलेले आजोबा… इथे आहेत का?"

आधी हशा झाला. मग तीन हात वर गेले.

"मी हाय!" "मी बी हाय!" गाडामालकाची माणसे हुशार होती. पण आता माइक माझ्या हातात होता आणि तो सोडायची मला इच्छाही नव्हती.

"जाताना मला काय म्हणालात?"

"राम राम म्हणलो," पहिला म्हणाला.

"पाणी ग्वाड हाय म्हणलो," दुसरा म्हणाला. हशा.

तिसरा बैलांच्या गर्दीतून वाट काढत मंचापाशी आला. मी आधी उजवा कान पाहिला, बाळी होती. त्याने वर हात करून माइक मागितला.

"तू थँक्यू म्हणलीस. आन् मी म्हणलं, पल्याडचं पाव्हणं आल्तं म्हणून सांग!"

त्यातला प कर्ण्यातून निघाला आणि माळभर घुमला. इतका स्पष्ट प मी आयुष्यात ऐकलेला नाही. खाली नाना एका झेपेत घोडीवर होते.

"झाली…" निवेदक म्हणाला, पण म्हाताऱ्याने माइक माझ्याच हातात परत दिला होता, त्यामुळे पुढचे मीच ओरडले, आणि ते "भिर्रर्र" माझेच होते. लवंगी सुटली. चार बैल तिच्या शेपटीपासून हातभर मागे, ना कमी ना जास्त, जणू कोणी त्यांना दोरीने बांधले होते. नानांची पाठ घोडीच्या मानेवर पालथी. टोप्या उडाल्या. मला हसू फुटले, ते थांबेना.

संध्याकाळ होण्याआधी निकाल लागला. आमची बारी बराच वेळ पहिली होती. शेवटून दुसऱ्या गाड्याने ती सेकंदाच्या अंशाने मागे टाकली. नाना दुसरे आले. मी रडवेली झाले, तर ते लवंगीचे तोंड पुसत हसत होते. "तिला कुठं कळलंय दुसरं आलो ते?"

तेवढ्यात काकींचा फोन वाजला. भाऊ होता. शनिवारी नारळाची बातमी ऐकून तो रुसला होता, म्हणून त्याने बापूला बोलावले आणि बापूच्या घोडीमागे त्याचा गाडा दौंडच्या घाटात पहिला आला. काकी फोन ठेवून नानांकडे अशा पाहत होत्या की नाना उगाच लगाम तपासू लागले.

पुलावर काकींनी त्या फोडलेल्या नारळाची एक वाटी माझ्या हातात ठेवली.

"म्हातारा पारगावच्या पुलाकडं गेला, शिरूरच्या अंगाला," त्या पुढे पाहतच म्हणाल्या. "शेवंतीच्या वाफ्यातून दिसला मला, शनिवारीच."

मी थक्क झाले. "मग बोलला का नाहीत?"

"भावाचा गाडा हुता, बाई. आन् मला कुठं कुणी इचारलं? समद्यांनी तुलाच इचारलं."

नानांनी हे ऐकले, पिकअप पुलाच्या मधोमध जवळजवळ थांबवली आणि खदखदून हसत सुटले. वैशालीने विचारले, "नाना, पुढल्या हिवाळ्यात कुठं?"

"बघू."

"बघू म्हंजी?"

"म्हंजी गुडघ्याला इचारून बघू!"

यवतला मला पुण्याची एसटी मिळाली. गर्दी होती. हडपसर आले तेव्हा दारात दोन माणसे आणि एक मोठी बॅग आडवी होती. "सरका हो, उतरायचंय!" असे कोणीतरी खणखणीत आवाजात म्हणाले. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले.

घरी आईने दार उघडले. माझे केस पांढऱ्या धुळीने माखलेले, हातात अर्धा नारळ. "कुठे होतीस गं तीन दिवस?"

"पल्याड," मी म्हणाले. ओठ नीट मिटून.