व्याह्यांसाठी हरणाचे केस

काका चिमटीत केस धरून खिडकीशी जायचे, उजेडात इकडून तिकडून फिरवायचे, त्यांवर हलकेच फुंकर मारायचे आणि म्हणायचे, "नाही. परत करू."

हे "परत करू" म्हणजे मी परत करायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. स्वतः पुलांचे आराखडे तपासण्याची सरकारी नोकरी करतात आणि घरी आलेल्या प्रत्येकाला हाताखालचा ड्राफ्ट्समन समजतात.

नव्वदीच्या दशकात मी अमेरिकेत, बेलव्ह्यू गावात नवाकोरा प्रोग्रामर होतो. एकटा जीव. काकांचं घर माझ्या अपार्टमेंटच्या मागच्याच गल्लीत होतं आणि काकूंच्या आमटीचा वास खिडकीतून थेट माझ्या टेबलावर यायचा. दर शनिवारी मी जायचो आमटीसाठी आणि अडकायचो गॅरेजमध्ये, हरणाच्या केसांत.

केस आले होते व्याह्यांकडून. काकांच्या मुलीने मोंटानाचा मुलगा पसंत केला. त्याचे वडील शिकारी आणि मासेमारीतले दर्दी. पहिल्या भेटीत दोघे व्याही समोरासमोर बसले. एकजण म्हणाला, यंदा थंडी फार. दुसरा म्हणाला, हो, फार. त्यानंतर जेवण संपेपर्यंत फक्त काट्याखालून निसटणाऱ्या वाटाण्यांचा आवाज. निघताना पाहुण्यांनी केसांसकट हरणाच्या कातड्याचा एक तुकडा काकांच्या हातात ठेवला आणि म्हणाले, "आमच्या तळ्यावर काळी फ्लाय चालते. जमली तर करून आणा."

हरणाचा केस आतून पोकळ असतो, म्हणून पाण्यावर तरंगतो. चिमूटभर केस गळावर धरून दोरा आवळला, की ते चहूबाजूंनी ताठ उभे राहतात. मग कात्रीने कातरून त्यांचा किडा करायचा. मासा फसतो. ही त्यांची फ्लाय.

"बाबा, इट्स जस्ट फिशिंग!" मुलगी म्हणाली.

"तुला जस्ट," काका म्हणाले. मग गॅरेजमध्ये हळूच मला म्हणाले, "पोरगी जन्मभर त्या घरात राहणार. मी तिकडे गेलो की त्या माणसाशी बोलू काय? थंडीवर किती बोलणार?"

तेव्हा मला कळलं, की हा माणूस माशासाठी गळ बांधत नाहीये. आयुष्यात वांग्यापलीकडे काही न चिरलेला हा शाकाहारी गृहस्थ व्याह्यांना आहेर म्हणून डबाभर फ्लाय देणार होता.

पण आधी रंग. केसांचा चिकटपणा साबणाने घालवायचा, व्हिनेगर टाकून रंगाचं पाणी करायचं आणि त्यात कातडं मुरवायचं. पाणी गरम हवं, पण उकळता कामा नये. पहिल्याच शनिवारी काका फोनवर गेले आणि पातेलं माझ्या भरवशावर ठेवून गेले. मला वाटलं, जरा आच वाढवली तर आमटी लवकर मिळेल. काका परत आले तेव्हा कातडं तळलेल्या पापडासारखं वळलं होतं आणि अर्धे केस पाण्यावर तरंगत होते.

"पिठलं करत होतास का, गाढवा?"

"काका, तरंगतायत मात्र छान," मी म्हणालो. त्या दिवशी मला आमटीही मिळाली नाही.

नशिबाने काकांनी अर्धं कातडं आधीच कापून बाजूला ठेवलं होतं. त्या तुकड्याला त्यांनी स्वतः काळा रंग दिला. सुरेख धरला. आता हे काकूंना सांगायचं नाही, असं काकांनी मला बजावलं होतं का? बजावलं होतं. पण काकूंनी पानात दुसऱ्यांदा तूप वाढलं, की माझी जीभ माझी राहत नाही.

"काकू, काळा काय मस्त चढलाय!"

"काय काळं?"

काकांनी डोळे मिटून घेतले.

"लग्नाच्या आहेरात काळं देणार तुम्ही?" काकू वाढता हात थांबवून म्हणाल्या. "व्याह्यांना? एकुलत्या एका मुलीच्या लग्नात? मी त्या मांडवात पाऊल ठेवणार नाही."

"अगं, माशांना शुभ-अशुभ काय कळतंय!"

"मला कळतंय ना!"

पुढचे सगळे शनिवार काका असा रंग शोधत राहिले, जो माशाला काळा दिसेल आणि काकूंना हिरवा. काळा काढला. त्यावर हिरवा दिला. काकू अंगणात उन्हात केस धरून बघायच्या. "हा काळाच आहे." परत. "आता राखाडी झालाय." परत. शेवटी शेवाळ्याचा सगळ्यात गडद हिरवा काकूंनी मान्य केला आणि त्याच दिवशी काकांनी दोरा आवळल्यावर केस उभे राहण्याऐवजी कटाकट तुटले. इतक्या वेळा भिजून, तापून त्यांचा जीव गेला होता. नवं कातडं मागायची काकांना लाज वाटत होती आणि लग्न तोंडावर आलं होतं. त्यांनी त्याच केसांच्या फ्लाय बांधल्या. मेलेल्या झुरळांसारख्या दिसत होत्या. मी तसं म्हणालोही. मला कोणी विचारलं नव्हतं.

लग्न मोंटानात, तळ्याकाठी झालं. काकूंनी डब्याला हळद-कुंकू लावून तो व्याह्यांच्या हाती दिला. त्यांनी तिथेच उघडला. एक फ्लाय उचलून नखाने जरासं टोकरलं. सगळे केस त्यांच्या बोटावर आले. काकांचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही.

"यू कुक्ड इट," व्याही म्हणाले.

काकांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं. "ही कुक्ड इट!"

"पहिलंच फक्त!" मी ओरडलो. कोणी ऐकलं नाही, कारण व्याही हसत सुटले होते. त्यांनी म्हणे स्वतःचं पहिलंवहिलं कातडं बायकोच्या बाथटबमध्ये रंगवलं होतं. टब अजून जांभळा होता. काका थक्क होऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "व्हॉट टेंपरेचर?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाच्या टेबलावर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. विहिणी दोघी वाट बघून कंटाळल्या. काकू म्हणाल्या, "जा रे, बोलावून आण. अन्न निवतंय."

व्याह्यांच्या गॅरेजचं दार मी ढकललं. दोघे शेगडीवरच्या भांड्यावर वाकले होते. व्याही मान हलवत "नो, नो" म्हणत होते आणि काका तावातावाने अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत त्यांना उष्णतेचं काहीतरी समजावत होते.

"काका, जेवायला..."

"दार लाव आधी," काका मागे न बघता म्हणाले. "वारा येतोय."