क्लीनर साइडची सीट

माझे बाबा लोकांची घरं हलवायचे. कपाटं, गाद्या, फ्रिज, शिवणयंत्रं, काचेची शोकेस. अंधेरीतून कांदिवलीला, मुलुंडहून ठाण्याला, जोगेश्वरीतल्या एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत. कंपनीच्या कागदांवर त्यांच्या गाडीला पिकअप म्हटलेलं असेल, पण आमच्याकडे तो टेम्पोच. बाबांचा एक नियम होता आणि त्याच नियमासाठी लोक त्यांना शोधत यायचे. देव मागे सामानात जायचे नाहीत. पहिल्या खेपेला घरातली सगळ्यात मोठी बाई पुढे, क्लीनर साइडला, म्हणजे ड्रायव्हरच्या डाव्या हाताला बसणार, तिच्या मांडीवर देव. ती नीट बसली की बाबा स्वतः खाली उतरून तिच्या बाजूचा दरवाजा लावणार, दोनदा दाबून बघणार, आणि मगच गाडी सुरू. मागे चार हमाल घामाघूम होऊन बोंबलत असले तरी.

"देव नि म्हातारी पोचली की घर पोचला. बाकी काय, लाकडा," असं म्हणायचे. आम्ही मालवणकडचे. बाबांची उभी हयात मुंबईत गेली, पण तोंड काही मुंबईचं झालं नाही.

गाडीवर त्यांचा जीव माझ्यापेक्षा जास्त होता, हे मी रागाने नाही, हिशेबाने सांगते. रोज सकाळी साडेसहाला ती धुतली जायची. वरून, आतून, खालून. पालिकेचं पाणी गाडीला वापरलं तर सोसायटीत महाभारत झालं असतं, म्हणून बोअरचं पाणी. आमचं बोअर खारं. त्या पाण्याने बादल्यांना पांढरे थर यायचे, नळाची चकती वर्षभर टिकत नव्हती, आई त्यात फडकीसुद्धा भिजवायची नाही. आणि त्याच पाण्याने सतरा वर्षं बाबा गाडीला आंघोळ घालत होते. शाळेत असताना रविवारी पाइप मी धरायचे. "खालसून मार गो, चिखल बसता थय," असं ते ओरडायचे आणि मी वाकून, जीव लावून, चाकांच्या मागे, चासीच्या आत पाणी मारायचे. दसऱ्याला चासीला वरून काळा रंग. झेंडू, नारळ, रंग. आमची गाडी खालून बघितली तरी शोरूममधली वाटायची.

वरून कीर्तन, आतून तमाशा, दुसरं काय.

दोनेक वर्षांपूर्वी गाडीतून आवाज यायला लागला. खड्ड्यातून जाताना डावीकडे, सीटच्या मागे, टक्. बाबा म्हणाले स्प्रिंग असेल. मग क्लीनर साइडचा दरवाजा नीट लागेना. बाबा म्हणाले बिजागरी. शेवटी एका शनिवारी मला सुट्टी होती म्हणून मीच त्यांना घेऊन अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीमागे त्यांच्या जुन्या मिस्त्रीकडे गेले. बाबांच्या हृदयात दोन स्टेंट होते, एकटं सोडायचं नाही असं आईने मला बजावलं होतं.

मिस्त्री खाली घुसला. बराच वेळ नुसती हातोडीची टकटक. मग त्याने हाक मारली, "ताई, तुम्ही बघा. यांना सांगून उपयोग नाही."

मी चांगल्या ड्रेसवर होते, तरी वाकले. चासी म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, दोन लांब जाड लोखंडी तुळया, त्यांच्यावर सगळं उभं. मिस्त्रीने डाव्या तुळईला स्क्रूड्रायव्हर लावला आणि दाबला. तो आत गेला. लोखंडात, यार! वाळवी लागलेल्या फळीत जावा तसा. त्याने काळ्या रंगाचा एक पापुद्रा काढला, त्याच्या आत दुसरा, त्याच्या आत तिसरा, प्रत्येक दसऱ्याचा एकेक, आणि सगळ्यांच्या आत लाल भुकटी. त्या भुकटीतून एक चीर वर गेली होती. बरोब्बर क्लीनर साइडच्या सीटखाली.

"हा रंगच धरून आहे गाडीला," मिस्त्री म्हणाला. "कुठल्या पाण्याने धुता?"

मी बाबांकडे बघितलं नाही. पाइप मीपण धरला होता ना.

त्याने सरळ सांगितलं. चासी बदलायची तर गाडी पूर्ण उघडावी लागेल. गाडीचा नंबर चासीवर कोरलेला असतो, त्यामुळे ती बदलायची म्हणजे आरटीओत कागद, तपासणी, आणि एवढी जुनी गाडी बघून साहेब म्हणतील भंगारात काढा. दोन महिने, चार महिने, देव जाणे. नाहीतर आत्ताच भंगारात काढा. "आणि तिसरं म्हणजे चिरेवर पट्टी मारतो. वेल्डिंग करून. पण ताई, सडक्या लोखंडाला वेल्डिंग धरत नाही, माझी गॅरंटी नाही. माल कमी भरायचा. आणि या साइडला माणूस बसवायचा नाही. तुटली तर ही बाजू खाली बसणार, दरवाजा उघडणार, सरळ रस्त्यावर."

हे त्याने मला आणि बाबांना, दोघांना, एकदाच आणि स्पष्ट सांगितलं. मी हे मुद्दाम लिहिते आहे.

गॅरेजसमोर चहाची टपरी होती. बाबांनी चहा घेतला आणि प्यायलाच नाही. पैशाचा प्रश्न नव्हता, माझ्याकडे होते. मी तसं बोलूनही दाखवलं. ते ग्लासातली साय बोटाने बाजूला करत राहिले.

"काय करूया गो? तूच सांग."

आयुष्यात पहिल्यांदा मला विचारलं त्यांनी. आणि मला काय आठवलं, तर लॉकडाऊन. गाडी खाली उभी आणि बाबा सकाळी आंघोळ करून, शर्ट घालून, खाली जाऊन नुसते स्टिअरिंगवर हात ठेवून बसायचे. दुपारी जेवायला वर, परत खाली. बोलणं बंद. त्याच वर्षी त्यांचं हृदय बिघडलं. मला वाटलं, गाडी चार महिने उघडून पडली तर हा माणूस पाचव्या महिन्याला नसेल. भंगारात काढली तर त्याच्या आधी. चिरेचं मला भय वाटलं नाही असं नाही. पण बाबांच्या रिकाम्या हातांचं जास्त वाटलं.

"पट्टी मारा," मी म्हटलं. "आरटीओच्या पासिंगला अजून अवकाश आहे. तोवर बघू. आपली सोसायटी रिडेव्हलपमेंटला रिकामी होईल तेव्हा आपलं सामान न्यायचं आणि मग काढून टाकू."

बाबांचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. गाढव मी.

त्यानंतरचे सहा महिने आमच्याकडे धंद्याचे दिवस होते. आमच्या अख्ख्या पट्ट्यात रिडेव्हलपमेंट, एकेक बिल्डिंग खाली होत होती. माल ते खरंच कमी भरायचे, दोनच्या जागी तीन खेपा. सीटबद्दल मी काही विचारलं नाही. त्यांनी काही सांगितलं नाही. हाताची घडी, तोंडावर बोट.

एका रविवारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. समोरच्या बिल्डिंगमधलं एक घर निघालं होतं. त्या घरातली आजी खाली आली, चार पायांच्या काठीवर जोर देत, नवं लुगडं नेसून. तिला दोघांनी उचलून टेम्पोत बसवलं. मांडीवर देवांचा डबा दिला. बाबांनी दरवाजा लावला, लागला नाही. परत लावला. मग त्यांनी खांदा लावून तो रेटला आणि दोनदा दाबून बघितला. आजीने खिडकीतून बाबांच्या डोक्यावरून हात फिरवला.

मी हाक मारू शकत होते. दुसरा मजला, फार उंच नाही. माझ्या हातात बाबांचाच ओला शर्ट होता. तो मी झटकला, वाळत घातला आणि आत गेले. संध्याकाळी ते घरी आले तेव्हा मी त्यांना जरा जास्तच गरम पोळ्या वाढल्या.

मग आमची पाळी आली. आमच्या गोरेगावातून लांब, बोरिवलीला भाड्याची जागा मिळाली. आईने महिनाभर आधी ठरवून ठेवलं होतं, कुठली साडी नेसणार, देव कशात गुंडाळणार. दुनियेच्या बायका त्या सीटवर बसल्या, आता तिचा नंबर. मिस्त्री काय म्हणाला ते तिला आम्ही दोघांनीही सांगितलं नव्हतं. पट्टी मारली एवढंच तिला माहीत.

सकाळी सामान भरून झालं. आई जरीची साडी नेसून, देव पोटाशी धरून खाली आली. बाबा टेम्पोच्या पुढे उभे होते. खाली बघत म्हणाले, "तू रिक्षान जा. हय गरम होता."

आणि त्याच क्षणी सोसायटीच्या गेटातून रिक्षा आत आली. मी बोलावलेली. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला मी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं, आठ वाजता ये म्हणून. बाबांना न विचारता. बाबांनी रिक्षाकडे बघितलं, मग माझ्याकडे. आम्ही दोघंही चोरी करताना एकाच दारात आपटलो.

आई काही खुळी नाही. तिने रिक्षा बघितली, त्यांना बघितलं, मला बघितलं.

"आमचे देव रिक्षान? नि लोकांचे टेम्पोन?" ती म्हणाली. "काय झालाहा त्या सीटीक?"

बाबा फडक्याने पुढची काच पुसायला लागले. मग मीच सांगितलं, सगळं, तिथेच उभ्या उभ्या. चीर, पट्टी, मिस्त्री काय म्हणाला ते. आईचा चेहरा मी तसा कधीच बघितला नव्हता.

"शिरा पडांदे तुमच्या तोंडार," ती हळूच म्हणाली. "त्यो बायो कोणाच्यो आवशी, कोणाच्यो आयो नाय होत्यो?"

आणि ती टेम्पोत चढून बसली. मी हात धरला, झिडकारला. बाबा हात जोडून उभे राहिले, तिने तिकडे पाहिलंही नाही. "त्यो बसल्यो, मी पन बसतंय. लावा दरवाजो."

बाबांनी खांदा लावून दरवाजा रेटला. दोनदा दाबून बघितला.

मी रिकाम्या रिक्षातून मागे मागे गेले. हायवेवर सगळं जग आम्हाला हॉर्न मारत पुढे जात होतं. माझे डोळे केबिन आणि मागचा सामानाचा हौदा यांच्यामधल्या फटीवर. डावीकडे ती रुंद होती, खड्डा आला की आणखी रुंद व्हायची, त्यातून पलीकडचं ऊन दिसायचं. आईची देवपूजा मी कधी केली नाही, पण त्या दिवशी गोरेगाव ते बोरिवली जेवढे देव माहीत होते तेवढे सगळे बोलावले. तेव्हा ती समोरची आजी आठवली. तिच्यासाठी मी एकालाही बोलावलं नव्हतं.

काही झालं नाही. आम्ही पोचलो. मी धावत जाऊन दरवाजा ओढून उघडला. आई उतरली नाही. बाबांचे हात स्टिअरिंगवर तसेच, पांढरेफटक.

"किती जणी बसल्यो हय? पट्टी मारल्यार?" आईने समोर बघत विचारलं.

मला वाटलं ते म्हणतील, काय माहीत, कोण मोजतंय.

"एकवीस," बाबा लगेच म्हणाले. "तू बाविसावी."

दुसऱ्याच आठवड्यात गाडी भंगारात दिली. चासीवरचा नंबर कापून आरटीओत द्यावा लागतो; तो काढताना मिस्त्री आमच्याबरोबर भंगारवाल्याकडे आला होता, ओळखीखातर. गाडी उचलल्यावर त्याने खाली जाऊन टॉर्च मारला आणि बाबांना हाक मारली. पट्टी एका बाजूने पूर्ण सुटली होती. उरलेल्या बाजूवर सगळा भार होता. बाबांनी विचारलं, "बोरिवलीक जाताना सुटली काय?" मिस्त्रीने सुटलेल्या जागेवर नख घासलं आणि बोट दाखवलं. लाल.

"नाय काका. आत गंज चढलाय. सुटून दोन-तीन महिने तरी झाले."

बाबा शेजारच्या टायरवर बसले. मी त्यांच्या बाजूला बसले. बराच वेळ आम्ही ती गाडी कापताना बघितली.

घरी आल्यावर आईने विचारलं, झालं का काम. बाबा म्हणाले, झालं. मी पण म्हटलं, झालं. पट्टीचं आईला आम्ही अजून सांगितलेलं नाही. गप्प बसायची आम्हा दोघांना आता सवय आहे.