डाव्या गालाची चूक

भट्टीकाकूंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता घरातसुद्धा कुणी उरलं नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी टाइल्सच्या कारखान्यात भट्टी सांभाळली. निवृत्त झाल्यावर सुनेच्या स्वयंपाकात खोट काढत बसण्याऐवजी त्या मातीकामाच्या केंद्रात विनामोबदला भट्टी लावायला येऊ लागल्या. सुनेने तेव्हा कुणाचे मनोमन आभार मानले असतील ते तिचं तिला ठाऊक.

केंद्र एका बंद पडलेल्या लाँड्रीच्या हॉलमध्ये होतं. तिथे कुणीही यावं आणि शिकावं, फी नाही की परीक्षा नाही. चाकांची खुर्ची खाली सरकावी म्हणून एक टेबल मुद्दाम उंच केलेलं होतं. कुणालाही नाही म्हणायचं नाही, एवढा एकच नियम होता, आणि तो भट्टीलाही लागू होता. शाळेतल्या बाईंची कागदासारखी पातळ ताटली आणि कुणाचा तरी पहिलावहिला वाकडातिकडा वाडगा एकाच फळीवर शेजारी शेजारी भाजले जात. एखादी वस्तू आतून ओली राहिली तर तापल्यावर आतल्या पाण्याची वाफ होते, वस्तू फुटते आणि तिच्या ठिकऱ्या शेजाऱ्यांना घेऊन जातात. म्हणून प्रत्येक वस्तू काकूंच्या हाताखालून जायची. खरं तर गालाखालून. त्या वस्तू उचलून डाव्या गालाला लावायच्या. ओली माती गार लागते, सुकलेली लागत नाही, इतकं ते सोपं होतं. गेल्या बैठकीत केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी ओलावा मोजायचं यंत्र घेऊ या म्हणून विषय काढला, तेव्हा काकू फणकारल्या होत्या, "माझा गाल काय भाड्याने दिलाय का?" सगळे हसले आणि विषय तिथेच बारगळला.

या आठवड्याच्या भट्टीत ड्रायव्हरकाकांची किटली होती. हे काका आयुष्यभर बस चालवलेले, काकूंपेक्षा सहा वर्षांनी मोठे. काही वर्षांपासून त्यांचे हात थरथरत होते आणि महिन्यामहिन्याला थरथर वाढत होती. मातीच्या वळ्या एकावर एक रचून त्यांनी चार महिन्यांत ती किटली उभी केली होती. भिंती जाड, कान त्याहून जाड. "आता दुसरी होणार नाही हो," असं ते स्वतःच म्हणाले होते, आणि ते खरं आहे हे सगळ्यांना दिसत होतं.

त्या दिवशी सकाळी काकूंनी दाढ काढून घेतली. तोंडात कापसाचा बोळा धरून त्या तशाच केंद्रात आल्या आणि भट्टी भरायला लागल्या. चाळीस वस्तू उचलल्या, गालाला लावल्या, आत ठेवल्या. एकही गार लागली नाही. किटली तर त्यांनी दोनदा लावून बघितली. मग दार लावलं, बटण दाबलं आणि जबड्याला हात लावून स्टुलावर बसल्या.

दुपारी चहाचा घोट घेतला तो हनुवटीवरून पदरावर ओघळला. पदर पुसता पुसता डाव्या गालाला मुंग्या येत असल्याचं त्यांना जाणवलं. भूल उतरत होती. म्हणजे सकाळपासून तो गाल दगड झाला होता. त्याला बर्फ लावला असता तरी गार लागलं नसतं.

भट्टीच्या काट्यावर ब्याण्णव अंश होते. शंभरच्या आत बंद केली तर अजून सगळं वाचणार होतं. त्या उठल्या आणि त्यांनी बटणावर बोट ठेवलं. तेवढ्यात मॅडम दारातून डोकावल्या.

"सगळं ठीक ना, काकू?"

बंद केली की कारण सांगावं लागणार. कारण सांगितलं की यंत्र येणार, आणि यंत्र आलं की भट्टीकाकूंना विचारतंय कोण?

"हो, हो. ठीक आहे की," काकू म्हणाल्या.

मॅडम गेल्या. काकूंनी भट्टी बंद केली नाही. आच फक्त कमी केली आणि काट्याकडे बघत बसल्या. शहाण्णव. नव्याण्णव. एकशे दोन. त्यांना वाटायला लागलं की निभावलं बहुतेक. एकशे अकराला आत थप्प असा आवाज झाला, फार मोठा नाही, कुणीतरी ओला टॉवेल आपटावा तेवढा. त्या आवाजाचा अर्थ काय, ते काकूंना बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं.

भट्टी भाजून निवायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात काकू घरी कुणाशी धड बोलल्या नाहीत. सुनेला वाटलं दाढ दुखतेय.

दार उघडलं तेव्हा सगळे जमले होते. किटलीचा नुसता चुरा झाला होता. शेजारच्या सहा वस्तू गेल्या होत्या, त्यात शाळेतल्या बाईंची ताटलीही होती. बाई "होतं असं" म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा आवाज कोरडा होता.

ड्रायव्हरकाका पुढे आले.

"माझ्यामुळे झालं. जाड करू नका म्हणून मला सांगत होते, पण माझ्या हातांना पातळ जमत नाही. तुमचं सगळ्यांचं नुकसान केलं मी." त्यांनी एप्रन काढला, थरथरत्या हातांनी जमेल तशी घडी घातली आणि टेबलावर ठेवली. "माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या, मॅडम."

काकूंना हायसं वाटलं, आणि त्याच क्षणी स्वतःची किळसही आली.

"काका, थांबा. तुमची किटली जाड होती म्हणून नाही फुटली. ती ओली होती, आणि ते बघायचं काम माझं होतं." त्यांनी दाढेचं सांगितलं. गालाचं सांगितलं. मग जे सांगितलं नसतं तरी चाललं असतं तेही सांगितलं, "ब्याण्णवला मला कळलं होतं. बटणावर बोट होतं माझं. लाज वाटली म्हणून बंद नाही केली."

ड्रायव्हरकाका त्यांच्याकडे वळले.

"भट्टीतला तो आवाज हॉलमध्ये मलाही आला होता. दोन रात्री मी झोपलो नाही," ते म्हणाले. "या हातांना शिव्या देत होतो."

"चुकलं माझं, काका."

"हात पहिल्यांदा थरथरले ना, त्याच दिवशी डेपोत जाऊन मी बसची चावी टेबलावर ठेवली. कुणी मागितली नव्हती. आपल्यामागे पन्नास माणसं बसलेली असतात, काकू."

काकूंना मान वर करवेना. त्यांनी कमरेची भट्टीघराची किल्ली सोडली आणि एप्रनशेजारी ठेवली. मॅडमनी ती उचलली नाही, परतही दिली नाही.

ड्रायव्हरकाकांनी एप्रन उचलला आणि पुन्हा अंगात घातला. पाठीमागे गाठ मारायला त्यांना खूप वेळ लागला. काकू मदतीला पुढे झाल्या तेव्हा ते म्हणाले, "राहू दे. मी बांधतो."