खड्ड्यातून बाहेर आल्यावर

लिफ्टचा मिस्त्री तसा अबोल. बायको वैतागून म्हणायची, "यांच्या तोंडून शब्द काढायला पक्कड लागते!" आणि नेमका हाच माणूस बोलण्यापायी तुरुंगात गेला.

त्या दिवशी तो एका इमारतीत लिफ्टच्या खालच्या खड्ड्यात उतरून सफाई करत होता. पोरंबाळं पडू नयेत म्हणून दार आतून लोटून घेतलेलं, मेन स्विच बंद, त्यावर 'काम चालू आहे'ची पाटी. चेअरमनसाहेबांकडे पाहुणे आले होते. त्यांना जिने चढवायचे म्हणजे साहेबांची शोभा! त्यांनी पाटी बाजूला सारली, स्विच चालू केला आणि बटण दाबलं. डोक्यावर लिफ्ट येताना पाहून मिस्त्री खड्ड्यात आडवा पडला, म्हणून वाचला.

त्याची हाक ऐकून कुणीतरी लिफ्ट वर घेतली, तसा तो बाहेर आला आणि पाहुण्यांसमोरच ओरडला, "परत असं केलंत ना, तर तुम्हाला लिफ्टमध्ये घालून दोर कापीन!"

साहेबांनी तडक पोलिसात तक्रार केली. मिस्त्रीनेही आपली हकीकत सांगितली. "लागलं का कुठे? नाही ना?" म्हणून हवालदाराने विषय मिटवला.

"साध्या धमकीला दोन वर्षांपर्यंत, जिवे मारायच्या धमकीला सातपर्यंत," त्याची केस घेतलेल्या वकीलबाई म्हणाल्या. "त्यात तुम्ही लिफ्टवाले, म्हणजे दोर खरंच कापू शकता. पण नुसता राग हा गुन्हा नाही. घाबरवायचा हेतू होता, हे त्यांना सिद्ध करावं लागेल. तुम्ही एवढंच म्हणा, रागात तोंडून गेलं."

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "ते घाबरावेत असं वाटत होतं?"

"हो साहेब. घाबरले नाहीत तर परत तेच करतील."

अरे बाबा, एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं? वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. परिस्थिती पाहून शिक्षा एक वर्षावर आली. लायसन्स मात्र गेलं. बायको कोर्टाच्या पायरीवर बसून ढसाढसा रडली.

पहिल्या भेटीत जाळीपलीकडून त्याने घरचं काहीच विचारलं नाही. "त्या इमारतीत नवा मिस्त्री लागला असेल. त्याला सांग, नुसत्या पाटीवर विसंबू नको. स्विचला कुलूप घाल, किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. सांगशील ना?"

पुढच्या भेटीत त्याने आधी तेच विचारलं. तिने मान खाली घातली.

"आत सोडलंच नाही हो. साहेब फाटकापाशी येऊन म्हणाले, आता तू आलीस का धमकी द्यायला?"