तांदळाच्या डब्यातला फोन

"तांदळाच्या डब्यात फोन ठेवतं का कुणी, आई?"

"मग कुठं ठेवू? परवा त्या क्रेडिट कार्डवालीचा फोन वाजला, तर झोप मोडली म्हणून तू घर डोक्यावर घेतलंस. वाजला तरी माझं चुकलं, न्हाई वाजला तरी माझंच!" सोजरबाई रडकुंडीला आल्या.

बुद्धभूषण डबा मांडीवर घेऊन बसला होता. दिवेलागणीला तो उठला तेव्हा फोनवर एजंटचे मिस्ड कॉल होते. नव्या जहाजावर जागा होती, ऑफिस सुटायच्या आत हो म्हणायचं होतं. आता तिथे दुसरा माणूस घेतला होता.

चाकणकडे बोअर मारणाऱ्या गाडीवर सुरुवात केलेला हा माणूस पुढे थेट समुद्रात पोचला. त्याचं जहाज तेलासाठी नव्हे, शास्त्रज्ञांसाठी तळ खोदायचं. काही किलोमीटर पाण्यातून पाइप खाली सोडायचे आणि तळाचा गाळ नळीत भरून वर काढायचा. लाखो वर्षांपूर्वीचं हवामान त्या चिखलावरून कळतं, असं तो लेकीला, मैत्रीला, सांगे. त्याची पाळी मध्यरात्रीपासून दुपारपर्यंत, पाइपाला पाइप जोडायची.

जहाज जुनं होऊन मोडीत निघालं. तो पिंपरीला घरी आला, पण पाळी काही सुटली नाही. "बोलावणं आलं की अंग तयार पाहिजे," म्हणायचा. रात्रभर जागायचा, दुपारी झोपायचा. खिडकीला गोधडी. दुपारी कुकर लावायचा नाही. शाळेतून आल्यावर मैत्रीने कुजबुजायचं. असं वर्ष गेलं. मध्ये चाकणला दोन नोकऱ्या आल्या, त्या त्याने परतवल्या.

"आईला कळत नाही," तो बायकोकडे वळला. "तू तर घरात होतीस ना, मिनल?"

"होते. मैत्री जिन्यात पडली, गुडघा फुटला. तुमची झोप मोडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात दाबून बसले होते." मिनलचा आवाज चढला नाही. "डबा घूं घूं करत होता. मला वाटलं, शेजारी मिक्सर चाललाय."

मैत्री गुडघ्यावरची पट्टी झाकून उभी होती. अजूनही कुजबुजतच म्हणाली, "पप्पा, मी रडले नाही."

त्याने डब्यात हात घातला आणि तांदूळ नुसतेच वरखाली करत राहिला.

मिनल स्टुलावर चढली. खिडकीवरची गोधडी ओढून काढली, घडी घातली.

"सोमवारपासून मी चाकणला कारखान्यात वायरिंगच्या लाइनवर कामाला जातेय. पहिली शिफ्ट. मैत्रीला शाळेतून तुम्ही आणायचं. आणि दुपारी या घरात कुकर लागेल."