वैशालीच्या टाकीतलं पाणी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. आज लिहायला बसलोय, तरी हात अडतोय.

नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी कंट्रोल सिस्टिम शिकवतो — यंत्र आपोआप ताब्यात कसं ठेवायचं, ते. प्रोजेक्ट करून घेतो. हाताने करा, चुका, चुकीतूनच शिकाल — दरवर्षी पहिल्या तासाला मी हे सांगतो. किती गोड वाटतं ना ऐकायला? आणि माझी चूक कुणी दाखवली तर?

दाखवली होती. बारा वर्षांपूर्वी. वणीकडून रोज एसटीने येणारी वैशाली, भर वर्गात फळ्यावरच्या माझ्या समीकरणाकडे बोट करून म्हणाली, "सर, तिथं वजा पाहिजे ना?" पाहिजेच होतं. पोरं हसली. मीही हसलो — आणि ते हसू आत कुजत राहिलं.

तिचा प्रोजेक्ट साधा, देखणा. टाकीतून कितीही पाणी काढा, पंप आपोआप कमीजास्त होऊन पातळी खुणेवर ठेवायचा. परीक्षक म्हणून सिन्नरच्या कारखान्यातले एक साहेब येणार होते; ज्याचं काम सरस, त्याला ते नोकरीला घेणार होते. परीक्षेच्या दिवशी दुपारी पोरं जेवायला गेली. लॅबमध्ये मी एकटा. पंपाने किती जोर लावायचा, ते ठरवणारा एक नॉब तिच्या सर्किटवर होता. तो मी — हो, मीच — शेवटपर्यंत फिरवला.

चुकून? छे. आधी दाराकडे पाहिलं होतं मी.

साहेबांसमोर पंप पिसाळला. पाणी खुणेच्या वर, खाली, पुन्हा वर — आणि मग टेबलावरून थेट त्यांच्या बुटांवर.

"सर, सकाळी नीट चालत होतं," ती माझ्याकडे बघून म्हणाली. "लय वेळा चालवून पाहिलं."

"नेटवरून उचललं की असंच होतं," मी म्हणालो. साहेबांना ऐकू जाईल असं.

नोकरी दुसऱ्याला मिळाली. फरशी तिनेच पुसली. नंतर नॉब दिसला तेव्हा म्हणाली, "माझाच हात लागला असेल." मी मान डोलावली. शिसारी येते त्या मानेची.

एवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही. पुढच्या प्रत्येक बॅचला मी तिचीच गोष्ट सांगतो. परीक्षेआधी सेटिंग तपासा, नाहीतर वैशालीसारखं व्हायचं. पोरं वहीत लिहून घेतात.

गेल्या महिन्यात ती पंचवटीच्या भाजीबाजारात भेटली. कुठल्याशा क्लासमध्ये गणित शिकवते आता. सोबत लहानगी लेक होती. तिला म्हणाली, "हे माझे सर. पाया पड."

पोर वाकली. मी मागे सरलो नाही. तिच्या डोक्यावर हात ठेवला.