वाटेवर बी टाकणारा

मैत्रिणींनो, मंडळाची फिरती वही आज माझ्याकडे आहे, म्हणून दुपारचं ताजं असतानाच लिहिते.

शेजारच्या काशीबाईंना शास्त्रातला पेरणाऱ्याचा दाखला, प्रभूने सांगितलेली ती बोधकथा, वाचून दाखवत होते. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, हे ऐकून त्या हसल्याच.

"बाई, असला कसला गडी? पेरताना पाभरीच्या चाड्यातून बी मूठ मूठ सोडायचं, तर ह्यो वाटंवर फेकतोय. औंदा बियान्यापुरती बाजरी आमी उपाशी ऱ्हाऊन ठेवलीय. त्याला म्हनावं, आधी जमीन बघ."

मीही हसले, आणि मग बहीण आठवली. रागावून गेलेल्या धाकट्या बहिणीला मी तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही, तेव्हा खडकावर बी कशाला, म्हणून लिहिणं थांबवलं. आजवर या दाखल्यात मी माझी जमीन कोणती, माझं मन वाटेसारखं की खडकासारखं, एवढंच शोधत आले. पेरणाऱ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं.

काशीबाईंचं खरं आहे, दुष्काळात बी जपायलाच हवं. मग प्रभूचा पेरणारा खडक टाळत का नाही?

चौथं पत्र लिहून शास्त्रात त्याच पानावर ठेवलं आहे. माझ्या जागी तुम्ही असतात, तर ते टपालपेटीत टाकलं असतंत का?